महागू कोटवाराचं पायडल

बेहडटोल्याचा महागू कोटवार हल्ली सकाळी उठतो तो दमलेलाच. झोप होते, पण थकवा काही जात नाही. रात्रभर तो थकवा चपलांसारखा खाटेखाली पडून असतो आणि पाय खाली टाकले की मुकाट्यानं पुन्हा पायांत येतो. साठी उलटली, केस गेले, उजवा गुडघा आत कुठंतरी किरकिरतो. कोटवारकी मात्र सुटत नाही.

कोटवार म्हणजे गावाचा सांगकाम्या, सरकारनं नेमलेला. गावात कुणी मेलं, कुणी भांडलं, कुणी विहिरीत पडलं, तर ठाण्याला कळवायचं. साहेब येणार असले तर गावाला कळवायचं. रेशन आलं, लस आली, धान खरेदीची तारीख लागली, की गल्लीगल्लीत हाळी द्यायची. जंगलाच्या कडेला बेवारस प्रेत सापडलं, तर पंचनामा होईपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहायचं. आता घरटी फोन आले, गावाचा ग्रूप झाला. पण ग्रूपवर आलेलं खरं की खोटं हे विचारायला लोक पुन्हा महागूच्याच दारात. एवढ्या कामासाठी सरकारनं खाकी सदरा दिला, पट्टा दिला, कसायला थोडी जमीन दिली. सायकल ज्याची त्यानं बघायची.

महागूची सायकल काळी, उंच, जुन्या वळणाची. तिच्यावरून तो दर हप्त्याला लालबर्ऱ्याच्या ठाण्यात हजेरीला जातो, अधूनमधून वैनगंगेचा पूल ओलांडून बालाघाटला जातो. हे सगळं करताना त्यानं एक गोष्ट जन्मभर सांभाळली. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराच्या, घरासमोर तो कधी सायकलवरून उतरला नाही.

बाहेरच्या माणसाला यात काय मोठं, असं वाटेल. त्याला बेहडटोल्याची गल्ली दाखवली पाहिजे. बौद्धांची घरं गावाच्या खालच्या अंगाला, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, लागून. त्या वस्तीला सगळे नुसतं टोला म्हणतात. डांबरी रस्ता गावाच्या वरच्या अंगाला. मधे एकच गल्ली आणि ती सगळी चढाची. चढ जिथं संपतो, जिथं माणसाचा दम पुरता निघालेला असतो, नेमकं तिथंच मालगुजाराचं घर. मालगुजारी कायद्यानं जाऊन सत्तरेक वर्षं झाली, पण त्या घरात ही बातमी कुणी पोचवली नसावी.

त्या घरासमोर टोल्यातल्या माणसानं सायकलवरून उतरायचं, अशी रीत होती. कुठं लिहिलेली नव्हती, म्हणूनच ती मोडणं अवघड होतं. महागूचा बापही कोटवारच. धम्मदीक्षा घेतलेला माणूस. घरात बुद्धाची मूर्ती, पंचशील तोंडपाठ. पण ठाण्याला निघाला आणि चढ लागला की तो उतरायचा, चपला काढून कॅरिअरला अडकवायचा, अनवाणी सायकल ढकलत त्या घरासमोरून जायचा. ओसरीवरून थोरले मालगुजार एक हात वर करायचे. पाहिलं, जा, असा त्याचा अर्थ. कॅरिअरवर बसलेल्या लहानग्या महागूलाही बाप उतरवायचा. का उतरायचं, असं पोरानं विचारलं की म्हणायचा, ‘नोकरी हाय, बेटा.’ याच्यापुढं तो कधी बोलला नाही.

बाप वारला आणि कोटवारकी महागूकडे आली. तेव्हा तो विशी नुकतीच ओलांडलेला, अंगात मस्ती आणि गुडघ्यांत वंगण. पहिल्याच दिवशी तो त्या चढावरून सायकल हाणत निघाला. ओसरीवरून हाक आली. तो थांबला नाही. तेव्हा मालगुजारांचा मुलगा चंद्रशेखर धावत आला आणि हँडल धरून समोर उभा राहिला.

‘उतर. तुहा बाप उतरत होता.’

‘बाप उतरत होता,’ महागू म्हणाला. ‘मी नाही उतरत.’

एक पाय जमिनीला टेकलेला, दुसरा पायडलवर, आणि सीट काही त्यानं सोडली नाही. दोघं तसेच एकमेकांकडे बघत उभे होते. शेवटी चंद्रशेखरनं हँडल सोडलं. मार बसला नाही, शिवीही आली नाही. महागूला वाटलं, सुटलो.

सुटला कसला! पुढली दोन वर्षं रोवणीला आणि कापणीला त्या घरच्या शेतात टोल्यातल्या एकाही बाईला बोलावणं आलं नाही. बाया पहाटे उठून पायी तिसऱ्या गावाला जायच्या, दिवसभर कमरेत वाकून रोवणी करायच्या आणि तेवढंच अंतर पुन्हा चिखलाच्या पायांनी चालत यायच्या. त्यांत नुकती लग्न होऊन आलेली रुख्माबाई होती, महागूची बायको. म्हाताऱ्या बाया त्याच्या दारावरून जाताना नुसत्या त्याच्याकडे बघायच्या. ते बघणं त्याला सोसायचं नाही. पण ‘उतर बाप्पा, एवढं काय त्यात,’ असं मात्र त्यांच्यातल्या एकीनंही कधी म्हटलं नाही. तेव्हापासून तो चढ महागूचा एकट्याचा राहिला नाही. तो एकदा जरी उतरला असता, तरी त्या सगळ्या बायांचं चालणं मातीत गेलं असतं.

म्हणून तो उतरला नाही. तापात उतरला नाही, पावसात उतरला नाही, मागं पोतं आणि पुढं पोर घेऊनही उतरला नाही. थोरले मालगुजार गेले. चंद्रशेखरचे केस पिकले, तोच आता ओसरीवर बसायला लागला. टोल्यातली पोरं मोटरसायकलवरून त्या घरासमोरून भुर्रकन जायला लागली. इथं कधी उतरावं लागायचं हे त्यांच्या गावीही नव्हतं. महागूला याचं बरंही वाटायचं आणि कधीकधी फार एकटंही वाटायचं. शत्रू घरी निघून गेला तरी हा आपला पहाऱ्यावर उभा.

आणि मग या साली, धान कापणीच्या दिवसांत, ते झालं.

सायकलीला प्लास्टिकची पायडलं होती. जुनी लोखंडी मोडली तेव्हा स्वस्तात मिळाली म्हणून बसवलेली. त्यांच्यावरची नक्षी घासून घासून गेली होती आणि डाव्यातले छर्रे सुटून ते प्रत्येक फेऱ्याला कट्ट वाजायचं. सकाळची वेळ, बुटाला दवाचा चिखल. चढाच्या अगदी टोकाशी महागूनं जोर लावला आणि पाय सटकला. पायडलची कड नडगीवर बसली, सायकल डुगडुगली आणि पडू नये म्हणून तो खाली उतरला. ओसरीच्या बरोबर समोर.

चंद्रशेखर प्लास्टिकच्या खुर्चीत शाल घेऊन बसला होता. त्यानं महागूकडे पाहिलं आणि सावकाश एक हात वर केला. अगदी त्याच्या बापासारखा.

महागूच्या अंगाची लाही झाली. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की पाय घसरला, दुसरं काही नाही. पण नडगी इतकी ठणकत होती की आवाजच फुटेना. तो सायकल ढकलत पुढं गेला. ठाण्यात काय सांगितलं, काय ऐकलं, त्यातलं त्याला घरी येईपर्यंत काही आठवत नव्हतं.

‘काय झालं जी?’ नडगीला हळद लावता लावता रुख्माबाईनं विचारलं.

‘पायडलवरून पाय घसरला.’

‘मंग नवीन टाका.’

‘टाकतोच. पण घसरलो तं कुठं घसरलो! त्याच्या दारात. अन् त्यानं हात केला मले.’

रुख्माबाईला पुढचं सांगावं लागलं नाही. ती हळद लावत राहिली. मग म्हणाली, ‘नहरच्या पाळीनं जात जा ना. थोडा फेरा पडते, पण रस्ता सपाट हाय. गुडघ्यालेबी बरं. नाहीतं विवेक म्हणते तशी गाडी घ्या.’ नहर म्हणजे गावाबाहेरून जाणारा कालवा, पाळ म्हणजे त्याची कड. विवेक हा त्यांचा मुलगा, नागपुरात ऑटो चालवतो आणि फोनवर बापाला मोपेड घ्यायला सांगतो.

‘गाडीवर बसून तं कोणीबी चढते,’ महागू म्हणाला. ‘अन् नहरनं जाऊ म्हणते? आता? सगळ्यायनं एवढं सोसल्यावर?’

‘सोसलं ते मीबी सोसलं. माहेच पाय होते ते.’ रुख्माबाईनं हात पदराला पुसले. ‘मले विचाराल तं मी म्हणन, उतरा. तवा माहे पाय दुखले, आता तुमचे दुखून राह्यले. किती दिवस दुखवान?’

‘तू म्हणू शकते,’ महागू म्हणाला. ‘मले नाही म्हणता येत.’

रुख्माबाई उठली. तिनं चूल पेटवली.

बालाघाटात काली पुतळी चौकामागच्या एका गल्लीत मंजुषाचं सायकलच्या सामानाचं दुकान आहे. दुकान सासऱ्याचं, नवऱ्याला त्यात रस नाही, म्हणून ही बसते. गिऱ्हाइकाशी अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलते आणि दुरुस्तीचा पाना स्वतःच्याच हातात ठेवते. महागू पूल ओलांडून, रेतीच्या ट्रकांची धूळ खात तिथं पोचला तेव्हा डावं पायडल कट्ट कट्ट करून थकलं होतं आणि तोही.

‘पायडल पाहिजे,’ तो म्हणाला. ‘घसरलं नाही पाहिजे, मोडलं नाही पाहिजे, अन् मले घरच्या घरी दुरुस्त करता आलं पाहिजे.’

‘बस इतनाच?’ मंजुषा हसली. तिनं आधी प्लास्टिकचं काढलं. ‘हे हलकं हाय, काका. नव्या सायकलीले आता हेच येऊन राह्यलं.’

‘हेच तं दगा देऊन गेलं.’

मग तिनं चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं काढलं. सपाट, रुंद, कडेनं बारीक खिळे वर आलेले. महागूनं त्यावर अंगठा टेकवला आणि पटकन काढून घेतला. ‘पकड जबरदस्त हाय,’ ती म्हणाली. ‘रेसवाले पोट्टे हेच नेतात. पण चप्पल खाऊन टाकते अन् घसरला तं नडगीबी खाते. आणखी एक सांगते, हे खुलत नाही. अंदर एकदम बंद. चाललं तोवर मस्त. रेती गेली की फेकून द्या.’

‘रेती तं जाईनच.’

‘जाईनच. इथले रस्ते तुमच्या समोरच हायत.’

मग ती आत गेली आणि तेलकट कागदात गुंडाळलेली जोडी घेऊन आली. लोखंडी चौकट, रुंद आणि सपाट. प्रत्येकात रबराच्या दोन जाड पट्ट्या, वरच्या अंगावर खाचा पाडलेल्या. एका टोकाला वाटीसारखी टोपी. मंजुषानं ती पिळून काढली तेव्हा आत ग्रीसमध्ये बसलेले छर्रे दिसले.

‘हे जड हाय,’ ती म्हणाली. ‘दिसायलेबी काही नाही. पण हे मरत नाही. रबर घासलं तं रबर बदला. आवाज आला तं टोपी खोला, मातीतेलानं धुवा, ग्रीस भरा, पान्यानं कसा. बस. पावसाळ्याच्या आधी एक बार अन् नंतर एक बार.’

महागूनं एक पायडल कानापाशी धरून फिरवलं. आवाज आला नाही. दांडी धरून हलवून पाहिलं, डुगडुग नव्हती. पाणी घेऊन त्यानं आपला बूट ओला केला आणि ओल्या तळव्यानं रबर दाबून, घासून पाहिलं. मग त्यानं पायडल फरशीवर ठेवलं आणि डावा पाय त्यावर देऊन सगळा भार टाकून उभा राहिला. शेजारच्या टपरीवर चहा प्यायला आलेले दोघं हसले. महागूला हसू आलं नाही. जुन्या माणसांची सायकलवर बसायची तऱ्हा अशीच असते. डावा पाय पायडलवर, उजव्यानं जमीन ढकलायची आणि मग सगळं अंग त्या एका पायडलवर तोलून टांग पलीकडे टाकायची. अख्खं माणूस पेलत नसेल ते पायडल काय कामाचं!

‘हेच दे,’ तो म्हणाला.

मंजुषानं जुनी काढली, आट्यांना ग्रीस लावलं. ‘डाव्याचे आटे उलटे असतात, काका. घरी खोलाल तं ध्यान ठेवा.’

‘मालूम हाय.’

तिनं पायडलं कसून बसवली, चाक फिरवून पाहिलं आणि मग सीटकडे बघत राहिली. ‘सीट एवढी खाली काहून? गुडघा दुखत असन तुमचा.’

‘पाय टेकले पाहिजे ना.’

‘उंच करून देऊ थोडी? आराम पडन.’ महागूनं सीटवर हात ठेवला तशी ती आपली खेळीमेळीनं म्हणाली, ‘पायडल मी नवीन बसवून दिलं, काका. गुडघा काही मले बसवता येत नाही.’

‘गुडघ्याचं कोणी विचारलं तुले?’

आवाज नको तेवढा चढला. मंजुषा हात पुसत बाजूला झाली. पोरीनं काही वाईट म्हटलं नव्हतं, हे महागूला कळत होतं. खरं म्हटलं होतं, म्हणूनच ते लागलं. तरी त्यानं सीट उंच करू दिली नाही. दोष पायडलचा होता, पायडल बदललं, विषय संपला, असं त्याला हवं होतं आणि त्यात दुसरं कुणी बोललेलं नको होतं.

परत येताना पुलावर वारा होता. नवी पायडलं मुकाट फिरत होती. पाय असा घट्ट बसत होता की महागूला थोडा वेळ आपलं वयच विसरायला झालं. नदीच्या पात्रात लांबवर ट्रॅक्टर उभे होते, कडेच्या बांध्यांत कापलेल्या धानाचे पुंजके पडले होते. कितीतरी दिवसांनी तो सायकलवर बसून काहीतरी गुणगुणला.

ठाण्याच्या हजेरीच्या दिवशी तो खाकी सदरा घालून, पट्टा बांधून निघाला. रुख्माबाई दारात उभी होती. त्यानं टोल्यातून वेग घेतला. चढाचा पहिला टप्पा सहज गेला. दुसऱ्यात तो सीटवरून उठला आणि उभ्यानं पायडल मारू लागला. रबरानं बूट धरून ठेवला होता. कुठं कटकट नाही, घसरणं नाही. मालगुजाराच्या घराची कौलं दिसली, मग ओसरी, मग खुर्ची.

आणि गुडघा गेला. उजवा पाय वरून खाली येता येता मधेच थांबला. आत कुणीतरी विस्तव ठेवावा तशी कळ उठली. महागूनं दात आवळून जोर दिला, पाय हलेना. सायकल जागच्या जागी उभी राहिली, मग मागं सरायला लागली. तो उतरला. पुन्हा तिथंच.

पायडलांत काही खोट नव्हती. ती अजून हळूहळू फिरत होती.

चंद्रशेखरनं हात वर केला. या वेळी तो बोललाही. म्हाताऱ्या, जड जिभेनं, आणि काय सांगावं, अगदी मायेनं. ‘बापाचं वळण अजून हाय तुह्यात, महागू. आजकालच्या पोट्ट्यायले कुठं!’

एवढ्या वर्षांचं सगळं महागूच्या तोंडाशी आलं. ‘भाऊ, गुडघा दुखते म्हणून उतरलो मी! तुमच्यासाठी नाही!’

‘काय?’

‘तुमच्यासाठी नाही उतरलो!’

‘हौ, हौ,’ चंद्रशेखर मान हलवत म्हणाला. ‘बस ना. चहा घे.’

महागू आणखी मोठ्यानं ओरडला. म्हातारा आणखी मान हलवत राहिला. ओरडा ऐकून घरातून सून बाहेर आली, लांजीकडची, लग्न होऊन फार वर्षं न झालेली. ‘काय झालं, काका? त्यायले आयकू येत नाही. कानाचं मशीन आणलं हाय, पण लावतच नाही ते.’

‘मंग तू सांग त्यायले,’ महागू तिच्याकडे वळला. ‘मी गुडघ्यापायी उतरलो. त्यायच्यासाठी नाही उतरलो.’

सुनेनं गोंधळून त्याच्याकडे पाहिलं. ‘त्यायच्यासाठी कोणी कायले उतरन, काका?’

तिनं ते खरंच विचारलं होतं. तिला ठाऊकच नव्हतं. ज्याला सगळं ठाऊक होतं त्याला ऐकू येत नव्हतं, आणि जिला ऐकू येत होतं तिला काही ठाऊक नव्हतं. आता सांगायचं तरी कुणाला? तिनं पाणी आणून दिलं, तिच्या हातून ते त्यानं घेतलं आणि प्यायलं. याच अंगणात त्याच्या बापाला पाणी वरून ओंजळीत मिळायचं. तेही तिला ठाऊक नसणार.

तो ठाण्याला गेला, परत आला, जेवला नाही, पडून राहिला. असा थकवा त्याला कधी आला नव्हता. गुडघ्याचा नव्हता तो. जन्मभर एक गोष्ट धरून ठेवली आणि शेवटी ती हातातून गेली, तीही एका बहिऱ्या माणसासमोर, ज्यानं ती आपल्या मनासारखी समजून घेतली. रुख्माबाईनं तेल गरम करून त्याचा गुडघा चोळला. तो आढ्याकडे बघत म्हणाला, ‘चढवत नाही आता माह्याच्यानं.’ हे त्यानं पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. ती चोळत राहिली.

दोन दिवसांनी एका निरोपासाठी ठाण्याकडून बोलावणं आलं. महागू नहरच्या पाळीनं जाईल, असं रुख्माबाईला वाटलं होतं. तो गल्लीनंच निघाला. चढाच्या पायथ्याशी हातपंपापाशी तो आपण होऊन खाली उतरला. तिथं कुणाचं घर नव्हतं, कुणाची ओसरी नव्हती. गुडघा दुखत होता आणि चढ समोर होता, एवढंच. तो हळूहळू सायकल ढकलत वर चालू लागला. बूट पायांत होते. मधे दोनदा थांबला, श्वास घेतला, कुणाची घाई नव्हती.

मालगुजाराच्या घरासमोर जमीन सपाट होते. तिथं तो थांबला. खुर्चीत चंद्रशेखर होता, दारात सून तांदूळ निवडत बसली होती. चंद्रशेखरनं महागूला पायी येताना पाहिलं आणि हात उचलायला सुरुवात केली.

महागूनं हँडल दोन्ही हातांनी धरलं. डावा पाय पायडलवर ठेवला, उजव्यानं जमीन ढकलली, एकदा, दोनदा. मग सगळं अंग त्या पायावर तोललं. साठी उलटलेलं माणूस, खाकी सदरा, पट्टा, झिजलेला गुडघा, सगळं त्या पायडलनं उचललं आणि हूं की चूं केलं नाही. त्यानं टांग पलीकडे टाकली आणि ओसरीच्या बरोबर समोर, चंद्रशेखरच्या डोळ्यांदेखत, तो सायकलवर चढून बसला.

चंद्रशेखरचा हात अर्ध्यावरच राहिला.

महागूनं त्याच्याकडे पाहिलं, पण या वेळी तो ओरडला नाही. सपाटीवर सायकलीनं वेग घेतला. मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, बहिऱ्या माणसांचा असतो तसा मोठा, आणि त्यात पहिल्यांदाच काही न कळल्याची चिडचीड होती.

‘सूनबाई, हा महागू काहून चढते वं इथं?’

सुनेनं त्याला काय सांगितलं, ते महागूला ऐकू आलं नाही. पुढं ठाण्यापर्यंतचा रस्ता होता, गुडघा दुखत होता आणि तो फार दमला होता.